वजाने भागलं की

चंडीगड, सेक्टर २०
१४ डिसेंबर १९८७

चि. चित्रा,

लोभ असावा असं पत्राच्या शेवटी लिहितात. तू शेवटापर्यंत वाचशील याची खात्री नाही, म्हणून मी ते आधीच लिहून टाकते. लोभ असावा.

तू पत्रं बाबांना लिहितेस, तीही त्यांच्या युनिटच्या पत्त्यावर. ते लेहची फेरी करून आले की जेवताना त्यातलं थोडं मला वाचून दाखवतात. वाचता वाचता मध्येच थांबतात, पाण्याचा घोट घेतात आणि दोन ओळी गाळून पुढे जातात. गाळलेल्या ओळींत मी असते एवढं मला कळतं, म्हणून मी काही विचारत नाही.

जुलैत तुला पुण्याला पाठवलं त्याबद्दल मी माफी मागणार नाही, हे एकदा सांगून ठेवते. अंबाल्याच्या रस्त्यावर अतिरेक्यांनी बस अडवून माणसं मारली, त्याच आठवड्यात मी तुझी ट्रंक भरली. तू म्हणालीस, मला विचारलं का नाही. नाही विचारलं. विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या पोराला कोणी विचारत बसत नाही, आधी बखोट धरून ओढतात. आज वेळ आली तर आजही मी तेच करीन. राग तुझ्या नाकावर असतोच, तो तिथेच असू दे.

हे पत्र मात्र गणिताबद्दल आहे. तुझ्या मागच्या पत्रातला तो भाग बाबांनी अख्खा वाचला, कारण त्यात मी नव्हते. कॉलेजात कंसांचा कसलासा धडा आलाय, सर घोड्यावर बसल्यासारखे शिकवतात आणि तुला त्याचा वैताग आलाय म्हणे. बाबा म्हणाले, ‘इंटरव्हल आणि इनइक्वालिटी.’ मला इंटरव्हल म्हणजे थिएटरात वेफर्स खायला मिळतात तो माहीत. वाईच्या शाळेत मी गणितात काठावर पास झाले होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून परवा खाली बलबीर आंटींकडे गेले. तू त्यांची लाडकी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी खडू अजून त्यांच्या पर्समध्ये असतो. म्हटलं, मला शिकवा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, ‘वंदना, तुसी? ठीक है जी, बैठो.’

सोबत मी सोडवलेलं एक गणित पाठवते आहे. बरोबर आहे का बघ. उत्तर लिहायची गरज नाही, नुसती खूण केलीस तरी चालेल. परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलं आहे.

आई

९ जानेवारी १९८८

चि. चित्रा,

पाकीट आलं. बाबा नव्हते, म्हणून जिन्यात उभ्या उभ्याच फोडलं.

मी लिहिलं होतं, तीन एक्स वजा चार हे पाचापेक्षा मोठं, म्हणून एक्स तीनपेक्षा मोठा. इथवर तुझी बरोबरची खूण. त्यापुढे मी उत्तर लिहिलं होतं [3, ∞] आणि त्यावर तू लाल पेनाने काट मारलीस. बाजूला दोन ओळी : ‘3 स्वतः येत नाही, गोल कंस. ∞ ला चौकोनी कंस कधीच नसतो, तिथे कोणी पोचत नाही.’

चित्रा, सहा महिन्यांत तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. त्यात मायना नाही, आई नाही, काही नाही. पण अक्षर तुझं होतं, ‘पोचत’मधला च अजून तसाच पोट काढून उभा. मी तो कागद फ्रीजवर लावला आहे. बाबा हसले. हसू देत.

तुला चूक दिसली की राहवत नाही, हे मी विसरलेच होते. मनीमाजऱ्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्या वाचत चालायचीस आणि हलवायाला त्याच्या तोंडावर सांगायचीस की ‘शुद्ध’ चुकलंय. मला लाज वाटायची.

आंटींनी परत पहिल्यापासून घेतलं. गच्चीवर नेलं, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी. दोन खांब, मध्ये दोरी. म्हणाल्या, खांबावरसुद्धा कपडा टाकता येत असेल तर चौकोनी कंस, खांब आपलाच. आणि खांब शेजाऱ्याचा असेल तर त्याच्या अगदी जवळ जा, कितीही जवळ जा, पण त्याला टेकायचं नाही. तो गोल कंस. मी विचारलं, मग शेवटचा कपडा नेमका कुठे टाकायचा? त्या म्हणाल्या, शेवटचा असा नसतोच. तू जिथे टाकशील त्याहून जवळची एक जागा उरतेच.

घरी येऊन भाजी चिरताना मला सप्टेंबर आठवला. मी पुण्याला आले होते त्याबद्दल आपण एक अक्षर बोललो नाही. हॉस्टेलच्या भेटायच्या खोलीत मी बेसनाचे लाडू घेऊन बसले होते. तू वरच्या मजल्यावर होतीस. मेट्रन खाली येऊन म्हणाल्या, तिचं डोकं दुखतंय, ती येत नाही म्हणते. समोर जिना दिसत होता. मी खूप वेळ बसले, मग डबा त्यांच्याकडे दिला आणि स्टेशनवर गेले. आंटींचा गोल कंस मला त्यामुळे इतरांपेक्षा लवकर कळला असावा.

दोन गणितं सोबत आहेत.

आई

२० फेब्रुवारी १९८८

चि. चित्रा,

मागच्या खेपेची दोन्ही गणितं बरोबर आली म्हणून तू नुसत्या दोन खुणा करून कागद परत पाठवलास. एक शब्द नाही. असं असेल तर हुशार होऊन माझा काय फायदा?

या वेळी वजाची गणितं आहेत. आंटी म्हणतात इथेच सगळे आपटतात. ‘माइनस नाल भाग दित्ता ते साइन पुट्ठा.’ वजाने भागलं की चिन्ह उलटं करायचं. मी म्हटलं का, तर त्यांनी मलाच विचारलं, नंदकुमारजी लेहहून आले की काय सांगतात? बाबा सांगतात, आज उणे दोन होतं, काल उणे पाच. कुठला दिवस जास्त थंड? पाच दोनपेक्षा मोठा, पण उणे पाच उणे दोनपेक्षा खाली. वजा लागला की मोठं ते लहान होतं. हे मात्र मला एकदम पटलं. तुझ्या बाबांचे मोजे विणताना हिवाळ्यामागून हिवाळे मी हेच गणित करत आले की.

इथलं विशेष काही नाही. संध्याकाळ झाली की लोक दारं लावून घेतात. चौकात वाळूच्या पोत्यांमागे जवान बसतात. तू असताना बसायचे तसेच, फक्त पोती वाढलीत. बसमध्ये चढलं की आधी सीटखाली वाकून बघायची सवय लागली आहे. काल एका बाईच्या पायाशी विसरलेला डबा होता, तर अख्खी बस खाली उतरली. डब्यात राजमा निघाला. सगळे हसले आणि परत चढले, पण बसायला कोणी त्या सीटवर गेलं नाही. बाबा आठवड्यातले बरेच दिवस वर असतात. मी रेडिओ लावते, नाहीतर घर फार मोठं वाटतं.

कागद बघ. माझं डोकं आता चालत नाही, चुका असतील.

आई

१२ मार्च १९८८

चि. चित्रा,

तुझा कागद आला आणि मी खाटेवर बसून राहिले.

माझ्या चार गणितांत चार चुका. पहिल्या तिन्हीवर तू लाल पेनाने लिहिलंस, ‘वजाने भागलं की चिन्ह उलटतं. किती वेळा?’ आणि ‘किती वेळा’खाली दोन रेघा. आंटींच्या सवयीने मी कंस पाठ फिरवून लिहिले होते, ]2, 5[ असे, त्यांच्या जुन्या पुस्तकात उघड्या अंतराला तसंच लिहीत. त्यावर तू लिहिलंस, ‘हे इथे चालत नाही. आमचे सर मार्क कापतील.’ मला मार्क कापले जायची भीती नाही, पण ठीक आहे, आता गोल लिहीन.

आणि चौथ्या गणितात मी ∞ ला पुन्हा चौकोनी कंस दिला होता, त्याखाली : ‘आई, तू मुद्दाम चुकतेस का? जानेवारीत हेच तुला येत होतं.’

हो.

बरोबर लिहिलं तर तू खूण करतेस, चुकलं तर दोन ओळी लिहितेस. मग मी काय करायचं ते तूच सांग. आंटींना सुरुवातीपासून ठाऊक आहे. मी आधी वहीत बरोबर सोडवते, मग त्यांच्यासमोर बसून एकेक गणित बिघडवते. त्या म्हणतात, चूक अशी पाहिजे की कुड़ीला, म्हणजे तुला, एका ओळीत समजावता येणार नाही. बरोबर करायला लागत नाही एवढं डोकं चुकायला लागतं. त्यांचा मुलगा व्हँकुव्हरला आहे. नव्या वर्षाला त्याचं छापील कार्ड येतं, त्यात त्याची नुसती सही असते. परवा त्या म्हणाल्या, मीसुद्धा त्याला एखादं गणित पाठवायला हवं होतं, पण त्याने कॉमर्स घेतलं.

‘आई’ लिहिलंस. ते फ्रीजवर लावलेलं नाही. ते माझ्याजवळ आहे.

आई

३ एप्रिल १९८८

चि. चित्रा,

केवढं लांब पत्र. मेसच्या आमटीपासून रूममेट शैलजाच्या घोरण्यापर्यंत सगळं बाबांना मी वाचून दाखवलं. या वेळी मी दोन ओळी गाळल्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. फिट्टंफाट.

तुमच्याकडे मॉड आला म्हणतेस, आमच्याकडेही आला. दोन उभ्या रेघांच्या मध्ये काहीही घाला, बाहेर वजा येत नाही. आंटी म्हणाल्या, ते अंतर आहे, आणि अंतर कधी उणं नसतं. एक्स वजा तीन, याचा मॉड दोनपेक्षा लहान, म्हणजे तीनच्या घरापासून दोनच्या आत कुठेही फिर, डावीकडे जा की उजवीकडे, कोणी विचारत नाही. म्हणजे एकपासून पाचपर्यंत, दोन्ही टोकं सोडून. मग मी उलटं करून बघितलं. तीन वजा एक्स. उत्तर तेच आलं. कोण कोणापासून लांब गेलं याच्याशी मॉडला देणंघेणं नाही, तो फक्त किती लांब ते सांगतो. मला तो धडा आवडला.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. ते कसं लिहावं याचाच विचार मी आठवडाभर करते आहे.

मे महिन्यात येऊ नकोस.

तू तिकिटाचं विचारलंस, मी येऊ का असं विचारलंस, हे कळल्यावर मी काय केलं ते लिहीत नाही. तुझ्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घातली एवढं सांगते. पण झेलम एक्स्प्रेस तुला अंबाल्याला सोडणार आणि पुढे तोच रस्ता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपल्या मार्केटात, तू वह्या घ्यायचीस त्या दुकानासमोर, भरदुपारी एका माणसाला स्कूटरवरून येऊन गोळ्या घातल्या. मी पिठाची गिरणी गाठत होते. हे मी फेब्रुवारीत, मार्चमध्ये लिहिलं नाही, कारण ‘विशेष काही नाही’ लिहिणं सोपं असतं. आंटी बाजारात गेल्या तर ओळखीचे दुकानदारही, त्या शीख म्हणून, पूर्वीसारखं बोलत नाहीत. त्या आता माझ्याकडून भाजी मागवतात. असं गाव आहे सध्या.

तुला वाटेल, पुन्हा मला न विचारता ठरवलं. बरोबर, पुन्हा न विचारताच ठरवलं. तुझा राग मी सोसू शकते, दुसरं काही सोसू शकणार नाही.

पाहिजे तर मी येते. तसं लिही.

आई

२६ जून १९८८

चि. चित्रा,

मे महिन्यात मी तीन पाकिटं पाठवली, जूनमध्ये दोन. त्यांत मला जमतील तितक्या वाईट चुका घातल्या. एका ठिकाणी तर दोन अधिक दोन पाच लिहिले. तेही तू तसंच सोडलंस, एकही पाकीट परत आलं नाही.

बाबांनाही लिहीत नाहीस. ते म्हणतात सुट्टीत तू शैलजाच्या गावाला गेली असशील. मी मान हलवते. आम्ही दोघंही जेवताना ताटाकडे बघतो.

मी पुण्याला यायचं म्हणून दोनदा रिझर्व्हेशनच्या खिडकीपर्यंत जाऊन परत आले. बाबांना सांगितलं रांग मोठी होती. रांग नव्हती. मला ती भेटायची खोली दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर आणि जिना. मेट्रन पुन्हा खाली येऊन डोकेदुखीचं सांगतील आणि मी पुन्हा डबा ठेवून निघेन, तेवढं बळ माझ्यात नाही. गोळ्यांना भीत नाही एवढी त्या जिन्याला भिते.

आंटींचा शिकवणीचा धडा संपला. आम्ही अजूनही चारला बसतो, चहा घेतो आणि जुनीच गणितं परत करतो. आता ती मी बरोबर सोडवते, चुकीचं सोडवलं तर ते वाचायला कोणी नाही.

तू ठीक आहेस एवढं तरी कळव. खूण केलीस तरी चालेल.

आई

७ ऑगस्ट १९८८

चि. चित्रा,

काल तुझं पाकीट आलं. पत्र नव्हतंच, एक चौकटीचा कागद होता. वर लिहिलंस ‘तपासून पाठव’ आणि खाली एक गणित, सोडवलेलं.

पाच वजा दोन एक्स, हे अकरापेक्षा लहान. दुसऱ्या ओळीत पाच पलीकडे नेलेस : वजा दोन एक्स, सहापेक्षा लहान. सुंदर. तिसऱ्या ओळीत वजा दोनने भागलंस आणि उत्तर लिहिलंस : एक्स, उणे तीनपेक्षा लहान.

मी डोळे पुसून परत वाचलं. चिन्ह उलटलेलं नव्हतं.

आंटी म्हणतात, शंका आली की शून्य घालून बघायचं. घातलं. पाच हे अकरापेक्षा लहान, अगदी खरं. म्हणजे शून्य उत्तरात यायला हवं आणि तुझ्या उत्तरात ते येत नाही. मग उणे चार घातलं, ते तुझ्या उत्तरात बसतं. पाच अधिक आठ, तेरा. तेरा काही अकरापेक्षा लहान नाही. गणित चुकलंच आहे.

कुठे खाडाखोड नाही, कुठे घाई नाही. उत्तराखाली पट्टीने रेघ मारली आहेस. जी मुलगी हलवायाची पाटी सुधारते, जिने मला ‘किती वेळा’खाली दोन रेघा मारून सुनावलं, तिने नेमकी हीच चूक करावी?

कागद घेऊन खाली गेले. आंटींनी तो वाचला, चष्मा काढला आणि पदराने नसलेली धूळ पुसत बसल्या. मग म्हणाल्या, ‘कुड़ी ने जाण के कीता ए, वंदना. एह गलती नहीं है.’ पोरीने मुद्दाम केलंय, हे मलाही कळलं होतं. पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हणजे तुलाही दोन ओळी हव्या होत्या तर. मला फार रडू आलं, आंटींसमोरच. त्यांनी चहा टाकला.

आता नीट ऐक. ही चूक मी इथून दुरुस्त करून पाठवणार नाही. आज सकाळी खिडकीवर गेले, खरंच रांग होती, उभी राहिले आणि तिकीट काढलं. पंधरा ऑगस्टची धामधूम आणि नाकाबंदी संपली की त्याच आठवड्यात निघते. त्याच रस्त्याने अंबाल्याला जाणार आहे, उजेडी, सकाळच्या बसने. तुला ज्या रस्त्याने येऊ दिलं नाही त्या रस्त्याने मी स्वतः जाते हा कुठला न्याय, असं तू विचारशील. न्याय नाहीच तो. आई आणि मुलगी यांच्यामध्ये बरोबरीचं चिन्ह मी आजवर कुठे पाहिलेलं नाही. लहान-मोठ्याच्या चिन्हाचं तोंड कुणीकडे करायचं यावर मात्र आपण भांडू. समोरासमोर बसून भांडू.

बाबांनी लेहहून जर्दाळू आणलेत तुझ्यासाठी, ते आणते. लाडू आणत नाही, गेल्या वेळचे मेट्रननी खाल्ले असतील. आंटींनी त्यांच्या पर्समधला खडू दिला आहे. म्हणाल्या, कुड़ीला दे.

मी भेटायच्या खोलीत बसेन. तू खाली यायचं की नाही ते तू ठरव, या वेळी मी विचारते आहे. नाही आलीस तर दुसऱ्या दिवशी परत येऊन बसेन, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. माझ्याजवळ लाल पेन असेल.

तोवर तिसऱ्या ओळीला हात लावू नकोस. ते चिन्ह आपण दोघी मिळून उलटं करू.

आई